सापडलेलं पिल्लू

खान्देशात पिल्लू सापडण्याचेही हंगाम ठरलेले असतात. दिवाळीनंतर उसाला कोयता लागला की बिबट्याची आणि रानमांजराची पिल्लं निघतात. हरभरा, गहू काढणीला आला की सशाची. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा तापलेल्या घरट्यांतून घारीची, घुबडाची पिल्लं खाली येतात. मृगाच्या आधीच्या वादळात निंबाच्या नि चिंचेच्या फांद्या मोडल्या की खारीची उघडी, गुलाबी पिल्लं अंगणात पडलेली दिसतात. ज्याच्या पुढ्यात ती येतात तो सहसा दुष्ट माणूस नसतो. तो रुमाल काढतो, टोपी काढतो, त्यात पिल्लू गुंडाळतो आणि घरी घेऊन येतो. मग रावेरची केळीची बाग असो की साक्रीचा माळ, पहिला प्रश्न तोच असतो: "याले दूध पाजू का?"

ही पुस्तिका त्या प्रश्नातून निघाली. तिच्यामागे पशुवैद्य आहेत, सर्पमित्र आहेत, वनखात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि शाळेतल्या पोरांनी आणलेली पिल्लं सांभाळून सांभाळून शहाणे झालेले मास्तरही आहेत. या सगळ्यांनी हा प्रश्न वेळी-अवेळी फोनवर ऐकलेला आहे. उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच असतं आणि ते ऐकून समोरचा खट्टू होतो. त्याच्या चांगुलपणावर विरजण पडतं. नुसतं "नको" सांगून फोन ठेवला तर तो दूध पाजतोच. म्हणून "नको"च्या मागचं कारण सांगायला चार पानं लागली, मग चाळीस लागली.

त्या चाळीस पानांत मुद्दा खरं तर एकच आहे. घराजवळ, शेतात, बांधावर सापडणारी बहुतेक पिल्लं अनाथ नसतात. ती उचलल्यावर अनाथ होतात.

सशाचंच घ्या. हरभरा उपटणाऱ्या बायांची ओळ सरकत बांधाकडे येते आणि कुणाच्या तरी हाताशी, ढेकळाच्या आडोशाला मातीच्याच रंगाचा एक गोळा दिसतो. मुठीएवढा. अंगावर पूर्ण केस, डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटलेले. हात लावला तरी तो जागचा हलत नाही. फक्त कुशी भराभर वर-खाली होत असतात. "याले माय नही वाटस," असं कुणीतरी म्हणतं आणि ते पिल्लू पदरात जातं.

त्याला माय आहे. पलीकडच्या शेतात असेल, नाहीतर त्याच बांधाच्या झुडपात दबा धरून बसलेली असेल. ती दिवसा जवळ येत नाही म्हणूनच पिल्लू जिवंत आहे. सशाच्या इवल्या पिल्लाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, आईला असतो. ती त्याच्याभोवती घुटमळत राहिली तर कोल्हा, मुंगूस आणि गावातली कुत्री तिच्या मागावर पिल्लापर्यंत पोचतील. म्हणून ती अंधार पडल्यावर येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. तिचं दूध इतकं दाट असतं की तेवढ्यावर पिल्लाचा दिवस निघतो. चिंकाऱ्याचं पाडस, नीलगाईचं वासरू यांचीही पहिल्या दिवसांतली रीत हीच: आई सांगेल तिथे दबून बसायचं, काहीही झालं तरी हलायचं नाही. माणसाला ते टाकून दिलेलं वाटतं.

अशा वेळी तेवढी दोन-चार हात जागा सोडून ओळ पुढे न्यावी, एवढंच करायचं असतं. शेत मोकळंच होणार असेल तर पिल्लू पाटीत घेऊन जवळच्याच बांधावरच्या गवतात ठेवावं आणि संध्याकाळी तिकडे कुणी फिरकू नये, कुत्रं तर मुळीच नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, ही समजूत घरोघरी आहे. ती खरी नाही. एका स्पर्शाने सहसा कुठलीही आई पिल्लू सोडत नाही. तरी मी ती खोडून काढायला फारसा उत्सुक नसतो. त्या समजुतीनं पोरांचे हात आवरतात, हेही काही कमी नाही.

आणि हे आपल्या लोकांना नवं थोडंच आहे? टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की सखल जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं अजून आहेत. औत चालू असताना ती अंडी दिसली तर तेवढा तुकडा सोडून बैल वळवणारेही आहेत. आज ट्रॅक्टर आहे, वर बसलेल्याला खालची अंडी दिसत नाहीत, हा भाग वेगळा. पण जागच्या जागी राहू द्यावं, ही बुद्धी इथली आहे. बाहेरून आणावी लागत नाही.

नकाशा पाहिला तर खान्देशातलं जंगल कडेकडेला दिसतं. उत्तरेला सातपुडा, तिथे यावल अभयारण्य, १९६९ सालचं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. शिरपूरकडे अनेर धरणाचं, चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरावर गौताळा-औट्रमघाटाचं, ही दोन्ही १९८६ ची. पश्चिमेला साक्री-पिंपळनेरचे डोंगर. मधला सगळा तापी, गिरणा, पांझरेचा प्रदेश शेतीचा. जनावर तेवढ्या हिरव्या पट्ट्यांतच राहतं, असं आपण धरून चालतो आणि ते बागेत दिसलं की "गावात घुसलं" म्हणतो. ते घुसलेलं नसतं, तिथंच राहत असतं. केळीची बाग म्हणजे दाट सावली, ठिबकचा कायम ओलावा, पानांचा आडोसा आणि भरपूर रानडुकरं. उन्हाळ्यात बाहेर भाजून निघत असताना बागेत शिरलं की अंगाला गारवा लागतो. तो आपल्याला कळतो, तसा जनावरालाही कळतो. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याकडच्या केळीच्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांना त्याचं नवल राहिलेलं नाही. जिथे वाघ राहू शकतो तिथे बिबट्या, तडस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, सायाळ यांनी संसार मांडला तर त्यात आश्चर्य कसलं? आणि संसार मांडला की पिल्लं होणारच.

बिबट्याच्या पिल्लांबद्दल या पुस्तिकेत सर्वांत जास्त लिहिलं आहे. प्रस्तावनेतही मला तिथेच थांबावंसं वाटतं, कारण सगळ्यांत अवघड प्रसंग तो आहे.

मादीला ऊस आवडतो. वर्षभर उभं राहणारं, माणसाची फारशी ये-जा नसलेलं दाट रान तिला आणखी कुठे मिळणार? दोन-तीन पिल्लं होतात, जन्मतात तेव्हा जेमतेम अर्धा किलोची, डोळे मिटलेली. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात. पुढचं वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त, ती आईच्या मागे फिरून शिकार शिकतात. तोडणीची टोळी आत शिरली की आई बाजूच्या फडात सरकते. माणसांच्या गोंगाटात तिला पिल्लं उचलता येत नाहीत. मग पाचटात गुरगुटून बसलेली पिल्लं कोयत्याच्या तोंडाशी येतात. काम थांबतं. मुकादम ओरडतो. कुणीतरी मोबाइल काढतो. अर्ध्या तासात बांधावर दीडशे माणूस उभं राहतं आणि पिल्लू या हातातून त्या हातात फिरायला लागतं. या अर्ध्या तासात जे बिघडतं ते पुढे कुठलाच पशुवैद्य पुरतं दुरुस्त करू शकत नाही.

काय करायचं ते आपल्याच राज्यात करून पाहिलेलं आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे. तिथले पशुवैद्य आणि वनखातं यांनी उसात सापडलेली कितीतरी पिल्लं आईकडे परत पोचवली आहेत. पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. पिल्लं तपासायची, गोचिडी काढायच्या, पाणी कमी पडलं असेल तर ते भरून काढायचं. दिवस मावळताना ती जिथे सापडली तिथेच किंवा अगदी शेजारी, आईला सहज उलटता येईल अशा टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवायची. एक कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी निघून जायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. पाटलांनी, सरपंचांनी, पत्रकारांनीसुद्धा. बॅटऱ्या बंद, गाड्या बंद. मग रात्री कधीतरी आई येते, टोपलीभोवती फिरते, हुंगते आणि मानगुटीला धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. दुसऱ्यासाठी परत येते. पहिल्या रात्री आली नाही तर दिवसभर पिल्लं उबेत ठेवून दुसऱ्या रात्री पुन्हा तेच करायचं.

यातली अवघड गोष्ट टोपलीची नाही, कॅमेऱ्याचीही नाही. ज्याचा ऊस आहे त्याला आज रात्री तोड बंद ठेव असं सांगणं, ते अवघड आहे. टोळीला उचल दिलेली असते, गाडी लागलेली असते, कारखान्याची पाळी चुकली तर ऊस वाळतो. शिवाय भीती आहे आणि ती खोटी नाही. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्यानं माणसं मारली. डिसेंबरात त्याला गोळी घालेपर्यंत लोक सूर्य मावळायच्या आत दारं लावून घेत होते. ज्या गावानं तो हिवाळा काढला आहे त्याला "मादी येईल, पिल्लं नेईल, तुम्ही फक्त बाजूला व्हा" असं शहरातून आलेल्या माणसानं सांगावं, हे थोडं उर्मटपणाचंच होतं. म्हणून सांगणारा गावातला हवा आणि सांगताना त्यानं भीती मान्य करून बोलावं.

मान्य करून मग हेही सांगावं: पिल्लं गाडीत घालून लांब नेली तर मादी गावाजवळच राहते. ती शोधत फिरते, त्या फडाभोवती रात्र-रात्र घोटाळते. बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्याचा प्रयोग जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर झाला. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले. जागेवरून उखडलेलं जनावर शहाणं होत नाही, बिथरतं. आई पिल्लं घेऊन गुपचूप पुढच्या फडात गेली तर त्यात गावाचाही फायदाच आहे, हे शेतकऱ्याला पटतं. दयेची भाषा त्याला दुसऱ्याच्या तोंडी ऐकायची नसते, फायद्याची चालते. मला त्यात काही गैर वाटत नाही.

आणखी एक. बिबट्याचा बछडा सापडला म्हणून ज्या बातम्या येतात त्यांतलं पिल्लू पुष्कळदा रानमांजराचं असतं. फरक ओळखणं कठीण नाही. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगभर दाट ठिपके असतात, शेपूट लांब असते, पंजे अंगाच्या मानानं थोराड. रानमांजराचं पिल्लू करड्या-पिवळट रंगाचं, पायांवर पुसट पट्टे, आखूड शेपटीला टोकाशी काळी वळी, कानांच्या टोकाला काळे केस. वाघाटी तर आणखी चिमुकली, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, आणि तिच्याही अंगावर ठिपके असतात, म्हणून गोंधळ वाढतो. गावात बिबट्याची अफवा उठली की दोन गोष्टी होतात: पिंजऱ्याची मागणी आणि बिचाऱ्या मांजराला दगड. पुस्तिकेत तिघांचीही चित्रं शेजारीशेजारी छापली आहेत. ती तेवढी पाहून ठेवावीत. तिन्ही पिल्लांना परत देण्याची रीत मात्र एकच आहे.

आता थोडं वेगळं, कदाचित काहींना न रुचणारं. मराठी वाचकाच्या मनात रानातल्या पिल्लाचं जे चित्र आहे ते बरंचसं हेमलकशाच्या प्राणी-अनाथालयानं घडवलं आहे. विलास मनोहरांचं 'नेगल', प्रकाश आमट्यांचं 'रानमित्र', २०१४ सालचा नाना पाटेकरांचा चित्रपट. बिबट्या मांडीवर, अस्वल अंगाखांद्यावर. मी स्वतः ही पुस्तकं झपाटल्यासारखी वाचली आहेत. पण पिल्लू घरी नेऊन बसलेला माणूस जेव्हा या पुस्तकांचा दाखला देतो तेव्हा त्याला एक गोष्ट विचारावीशी वाटते: त्या पिल्लांच्या आया कुठे होत्या? भामरागडच्या जंगलात पोटासाठी शिकार व्हायची. त्या प्राणी-अनाथालयाची सुरुवातच मेलेल्या माकडिणीला चिकटलेल्या पिल्लापासून झाली. शिकाऱ्यांकडून ते मागून घेतलं गेलं. तिथली पिल्लं खरोखरच अनाथ होती. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती म्हणून ती माणसाच्या घरात वाढली, आणि ती वाढवणाऱ्यांनी त्यासाठी आख्खं आयुष्य तिथे घातलं. आपल्या उसात, केळीत, हरभऱ्यात सापडलेल्या पिल्लाची आई शंभर पावलांवर श्वास रोखून बसलेली असते. गोष्ट वेगळी आहे. हेमलकशाचं प्रेम घ्यावं, पण हेमलकशाची पद्धत इथे लावू नये.

कारण हातावर वाढलेला बिबट्या पुढे रानात जात नाही. शिकार त्याला आईनं शिकवलेली नसते, माणसाचं भय गेलेलं असतं. असं जनावर सोडणं त्याच्याही जिवाला घात आणि गावाच्याही. उरतो तो पिंजरा, पुढची बारा-पंधरा वर्षं. एका संध्याकाळच्या उतावीळपणाची एवढी लांब शिक्षा.

खरी अनाथ पिल्लंही असतात, नाही असं नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते मिळतात. दोन्हींवर रात्रीतून काय काय चिरडलं जातं ते सकाळी दिसतं. विजेच्या तारेला चिकटून वानरीण मरते आणि पिल्लू छातीशी तसंच राहतं. वानर गेलं की गाव हळहळतं, वाजतगाजत मिरवणूक निघते, दहावा-तेरावा होतो, काही ठिकाणी माणसं डोकीही भादरतात. आणि या सगळ्या भक्तीत ते पिल्लू मात्र कुणाच्या तरी ओट्यावर दोरीनं बांधलेलं राहतं, बिस्किटं खात. त्याला खरी गरज असते ती टोळीची. वानरांमध्ये दुसऱ्या माद्याही पिल्लं कडेवर घेतात, सांभाळतात. टोळी जवळपास आहे तोवर, त्याच दिवशी, तिला दिसेल अशा जागी पिल्लू ठेवून माणसं दूर झाली तर ते उचललं जाण्याची आशा असते. एखादा आठवडा ओट्यावर काढला की टोळी पुढे निघून गेलेली असते.

कठडा नसलेल्या विहिरी हा आणखी एक आपल्याकडचा यमदूत. त्याबद्दल पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, इथे एवढंच म्हणतो की विहिरीत शिडी किंवा दोराला बांधलेली बाज सोडणं आणि गर्दी हटवणं, यानं बहुतेक जनावरं स्वतःच बाहेर येतात.

तर, दुधाचा प्रश्न. गाई-म्हशीचं दूध रानातल्या बहुतेक पिल्लांना पचत नाही. हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं. त्याहून वाईट म्हणजे पिल्लाला बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरनं दूध सोडलं की ते फुफ्फुसात उतरतं. पिल्लू दोन दिवस शिंकतं, तिसऱ्या दिवशी जातं आणि घरचे म्हणतात, बिचाऱ्याला आईची आठवण आली. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काहीही घालू नये. आधी ऊब, मग पाणी, आणि खाणं सगळ्यांत शेवटी, तेही पशुवैद्य सांगेल ते. उबेसाठी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नकोसं झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. खोकं मात्र आपल्या जिल्ह्यात अगदी फर्मास मिळतं: निर्यातीच्या केळीचं पुठ्ठ्याचं खोकं. भोकं पाडलेलीच असतात, झाकण असतं, आत अंधार राहतो. अंधार आणि शांतता हे पहिलं औषध. हरणाचं पाडस, ससा असली भित्री जनावरं तर नुसत्या धरपकडीनं आणि भीतीनं दगावतात. स्नायूंना अशी इजा होते की वरून धडधाकट दिसणारं पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकतं. त्याला कुरवाळणं म्हणजे धीर देणं नव्हे. त्याच्या दृष्टीनं वाघानं पाठीवरून जीभ फिरवल्यासारखं ते आहे.

पाखरांचं सोपं आहे, तरी सर्वांत जास्त पिल्लं आपण त्यांचीच उचलतो. बुलबुल, साळुंकी, कावळा यांची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्याबाहेर पडतात, जमिनीवर उड्या मारत फिरतात. अंगावर पिसं आहेत, पाय धरून उभं राहतंय, तर ते पडलेलं नाही, शिकतंय. मांजर बांधून ठेवा, पिल्लू झुडपात सरकवा, झालं. उघडंबोडकं असेल तर घरट्यात परत ठेवावं. घरटंच मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला बांधावी. आई-बाप येतात. खारीचंही तेच, झाडाखाली उबेचं खोकं ठेवलं तर आई तोंडात धरून एकेक पिल्लू नव्या घरट्यात नेते. बहिणाबाईंच्या सुगरणीचा खोपा इथल्या प्रत्येक पोराला पाठ असतो. तो खोपा वाऱ्यानं खाली आला तर तो परत कसा बांधायचा, हेही त्याच तासाला शिकवावं, अशी शाळांना माझी सूचना आहे.

उन्हानं कोसळलेल्या पाखराच्या चोचीत पाणी ओतू नये. जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं, पाणी तिथून सरळ आत जातं. सावलीत, खोक्यात ठेवून पुढ्यात उथळ वाटी ठेवावी. आणि जुन्या वाड्याच्या माळ्यावर पांढऱ्या लोकरीतलं, बदामासारख्या तोंडाचं, फुसकारणारं काही दिसलं तर ते परग्रहावरचं नाही, अपशकुनीही नाही. ते गव्हाणी घुबडाचं पिल्लू आहे. त्याचे आई-बाप तुमच्या कोठारातले उंदीर खाऊन त्याला वाढवत आहेत. त्यांना माळा भाड्यानं द्या.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. कुठल्याही सस्तन जनावराचा दात किंवा नख लागलं, मग ते मुंगसाचं इवलंसं पिल्लू का असेना, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद नको, चुना नको, मिरची नको. कोल्हा, लांडगा दिवसाढवळ्या गावात येऊन माणसाला बुजत नसेल तर तो माणसाळलेला नाही, आजारी आहे. रेबीज एकदा उमटला की माणूस वाचत नाही. लहान मुलांच्या हातात रानातलं पिल्लू खेळायला देऊ नये, याला हे एकच कारण पुरे.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातलं जनावर सरकारची मालमत्ता आहे. ते हाती आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. माया म्हणून घरी ठेवलं तरी तो गुन्हाच आहे. पिंजऱ्यातला मिठूसुद्धा त्यातच येतो, याची आठवण करून दिली की पुष्कळ घरांतलं वातावरण एकदम थंड होतं. कायद्याचा धाक दाखवून पिल्लं वाचत नाहीत, हा माझा अनुभव. धाकानं लोक पिल्लू लपवतात. पण लोकांना फोन करायला सांगायचं तर फोन उचलला गेला पाहिजे, हेही तितकंच खरं. एकेका वनरक्षकाकडे डोंगराएवढा परिसर असतो. तालुक्याच्या पशुवैद्याचा हात गाई-म्हशींवर बसलेला, घुबडाचा पंख त्यानं कॉलेजनंतर पाहिलेला नसतो. पुणे, नागपूरकडे वन्यप्राण्यांसाठी चांगली उपचार केंद्रं उभी राहिली आहेत. जळगावपासून ती चारेकशे किलोमीटर पडतात. मोडका पाय घेऊन निघालेलं पाडस तेवढा प्रवास झेपवील का, हा विचार ज्यांनी नियोजन करायचं त्यांनी करावा. तोवर जे आहे त्यावर भागवायचं आहे, आणि जे आहे त्यात सर्वांत भरवशाचा माणूस गावचा सर्पमित्र निघतो. साप धरायला शिकलेल्या या पोराला लोक बिबट्याच्या पिल्लासाठीही बोलावतात, घोरपडीसाठीही. त्यानं फक्त पिल्लासोबत रील काढायचा मोह आवरावा.

गावानं ठरवलं तर काय होतं याला उदाहरण शोधायला लांब जायला नको. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं चैत्राम पवारांच्या पुढाकारानं स्वतःचे नियम करून चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे नियम मोडणाऱ्याला दंड गावच करतं, बाहेरच्या अधिकाऱ्याची वाट पाहत बसत नाही. सापडलेल्या पिल्लाबाबतही असे दोन-तीन नियम ग्रामसभेत करता येतील: गर्दी करायची नाही, पिल्लू जागेवरून हलवायचं नाही, आणि ज्याचं शेत आहे त्याची त्या रात्रीची तोड किंवा काढणी थांबली तर त्याची भरपाई कशी करायची. यातला तिसरा नियम सगळ्यांत आधी करावा, म्हणजे पहिले दोन पाळले जातील.

पुस्तिकेची मांडणी हंगामानुसार केली आहे, प्राण्यांनुसार नाही. कार्तिक-मार्गशीर्षात वाचणाऱ्यानं पहिलं प्रकरण वाचावं, वैशाखात वाचणाऱ्यानं तिसरं. मध्ये कुठे अहिराणी, कुठे लेवा बोली आली आहे ती मुद्दाम ठेवली, कारण फोनवर माणूस त्याच बोलीत विचारतो. शेवटचं पान जवळजवळ कोरं आहे. त्यावर वनखात्याचा हॅलो फॉरेस्टचा १९२६ हा एकच नंबर छापला आहे. खाली आपल्या भागातले वनपरिक्षेत्र अधिकारी, तालुक्याचे पशुवैद्य आणि गावचा सर्पमित्र यांचे नंबर ज्याचे त्यानं लिहून घ्यायचे आहेत. पहिले दोन पेन्सिलीनं लिहावेत, बदल्या होत असतात.